पातेल्यात पडण्याआधी: पीनट बटर आणि मार्शमॅलोच्या कुरकुरीत वड्यांची पार्श्वभूमी

केलॉग्ज या अमेरिकी कंपनीचे राइस क्रिस्पीज म्हणजे न्याहारीला दुधात घालून खायचे फुललेल्या तांदळाचे सीरियल. त्याच्या वड्यांची कंपनीची कृती तीन ओळींत संपते. बटर ३ टेबलस्पून, मार्शमॅलो ही साखरेची मऊ, फेसाळ मिठाई १० औंस म्हणजे सुमारे २८३ ग्रॅम, सीरियल ६ कप. पीनट बटर हवे असेल तर पाव कप, आणि तेही मार्शमॅलो वितळल्यावर, सीरियल घालण्याआधी. ओव्हन लागत नाही, पाकाची तार बघावी लागत नाही, थर्मामीटरही नको. कृती इतकी आखूड आहे, कारण पाक करणे, तांदूळ फुलवणे, दाणे भाजून दळणे ही वेळखाऊ कामे कारखान्यात आधीच उरकलेली असतात. म्हणूनच वड्या दगड झाल्या, त्यांचा भुगा झाला किंवा त्या ओशट लागल्या, तर कारण शोधायला या जिन्नसांच्या घडणीपर्यंत मागे जावे लागते.

फुललेल्या तांदळाची अमेरिकेतली गोष्ट एका प्रयोगशाळेत सुरू होते. अलेक्झांडर अँडरसन हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९०१ मध्ये न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये स्टार्चच्या कणातल्या पाण्यावर काम करत होते. काचेच्या बंद नळ्यांत स्टार्च घालून त्यांनी त्या तापवल्या आणि मग फोडल्या. दाब एकदम सुटला, आतल्या पाण्याची क्षणात वाफ झाली आणि स्टार्च फुलून आला. पुढे क्वेकर ओट्स कंपनीने हे तंत्र उचलले. १९०४ च्या सेंट लुइसच्या जागतिक मेळ्यात तोफांच्या नळ्यांतून तांदूळ उडवून लोकांना दाखवला गेला. त्याच मेळ्यात पीनट बटरही विकले गेले. पुढे एकाच वडीत येणारे दोन जिन्नस तेव्हा एकाच आवारात होते, पण त्यांना बांधून ठेवणारा तिसरा अजून या कामाला लागला नव्हता.

राइस क्रिस्पीज मात्र तोफेतले नव्हेत. १९२८ मध्ये केलॉग्जने बाजारात आणलेले हे सीरियल भट्टीत फुलवलेले असते. तांदूळ साखर, मीठ आणि माल्ट (मोड आणलेल्या बार्लीचा अर्क) घालून वाफेवर शिजवतात, काही अंशी वाळवतात, रुळांमधून काढून दाणा किंचित चेपतात आणि मग कडक तापलेल्या भट्टीतून जेमतेम मिनिटभर नेतात. तोफेतला दाणा मोठा, मऊ आणि स्पंजसारखा होतो. भट्टीतला लहान राहतो, वरून खुटखुटीत होतो आणि आत पातळ भिंतींच्या पोकळ्या धरतो. दुधात घातल्यावर येणारा तडतड आवाज या भिंती फुटण्याचाच. हा फरक वड्यांसाठी महत्त्वाचा आहे. चेपलेल्या, भाजलेल्या दाण्यावर गरम चिकट मिश्रण पडले तरी तो लगेच बसत नाही. तोफेत फुलवलेला तांदूळ घेतला तर वडी पहिल्याच दिवशी मऊ पडते.

या सीरियलमध्ये ओलावा अगदी थोडा, फार तर तीन-चार टक्के असतो. डबा उघडा राहिला की ते हवेतून पाणी ओढते आणि सादळते. सादळलेल्या सीरियलच्या वड्या कधीच कुरकुरीत होत नाहीत, मार्शमॅलो कितीही ताजे घ्या. हातात दोन दाणे घेऊन चुरगाळून बघावेत. कोरडा चुरा पडला तर ठीक. नुसते दबले, तर सीरियल ओव्हनमध्ये १५० अंश सेल्सियसला पाच मिनिटे पसरून ठेवावे आणि पूर्ण गार झाल्यावरच वापरावे.

मार्शमॅलो हे मुळात एका झाडाचे नाव. दलदलीच्या जागी वाढणाऱ्या अल्थिया ऑफिसिनालिस या झुडपाच्या मुळातून चिकट द्रव निघतो आणि घशाच्या दुखण्यावर तो फार जुन्या काळापासून दिला जाई. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या मिठाईवाल्यांनी तो साखर आणि अंड्याच्या पांढऱ्याबरोबर फेसून हलकी मिठाई केली. त्या शतकाच्या अखेरीपर्यंत मुळाची जागा जिलेटिनने, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या घट्ट करणाऱ्या पदार्थाने घेतली, नाव तेवढे राहिले. फेसलेले मिश्रण स्टार्चच्या साच्यांत ओतून सुकवायला बराच वेळ लागे. ॲलेक्स डूमाक यांनी १९५०च्या दशकात नळीतून मिश्रण दाबून काढायची आणि लांब दोरीचे तुकडे पाडायची पद्धत आणली. दिवसभराचे काम तासा-दोन तासांवर आले. आज पिशवीत मिळणारे दंडगोल तुकडे हे त्या यंत्राचे देणे आहे.

जिलेटिन आले म्हणूनच ही वडी शक्य झाली. जिलेटिन सुमारे ३५ अंश सेल्सियसला वितळते आणि गार झाले की पुन्हा धरते. साखर, ग्लुकोज सिरप आणि जिलेटिन यांचा हा फेस म्हणजे तयार, मोजलेला, थांबवून ठेवलेला पाक. त्याला पुन्हा पातळ करायला फक्त मंद आच पुरते. समुद्री शेवाळापासून काढलेले आगर घातलेले शाकाहारी मार्शमॅलो नेमके इथेच अडते. आगर वितळायला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते. तेवढ्यात साखरेतले पाणी उडू लागते, गुठळ्या राहतात आणि वडी रवाळ होते.

या सगळ्याची गाठ १९३९ मध्ये मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला पडली. केलॉग्जच्या गृहविज्ञान विभागात काम करणाऱ्या मिल्ड्रेड डे आणि मालिटा जेन्सन यांनी ही कृती बसवली. निमित्त होते कॅम्प फायर गर्ल्स या मुलींच्या संघटनेच्या निधी उभारणीचे. फुललेल्या धान्याचे गोळे किंवा तुकडे त्याआधीही होत, पण ते साखरेच्या किंवा काकवीच्या पाकात. त्यात पाक गोळीबंद झाला की नाही हे ओळखावे लागे, आणि एक-दोन अंश इकडेतिकडे झाले की वडी एकतर ओघळे किंवा दात मोडेल इतकी कडक होई. पाकाऐवजी मार्शमॅलो घेण्यात डे आणि जेन्सन यांचे खरे कौशल्य आहे. स्वयंपाकाचा सराव नसलेल्या मुलींनाही शंभर वड्या एकसारख्या करता येतील, अशी ही युक्ती होती. कंपन्यांच्या गृहविज्ञान विभागांतल्या स्त्रियांनी घरोघरच्या स्वयंपाकावर केवढा ठसा उमटवला, याचे याहून ठसठशीत उदाहरण क्वचित सापडेल, आणि त्यांची नावे आवर्जून सांगायला हवीत. पुढच्या एक-दोन वर्षांत कृती डब्यावर छापून आली. कंपनीने तयार वड्या पाकिटात विकायला काढल्या त्या १९९५ मध्ये.

सुरुवातीच्या कृतीत मार्शमॅलो उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या दुहेरी भांड्यात वितळवत आणि वर थोडा व्हॅनिला घालत. पुढे साधे पातेले आणि मंद आच आली, मग मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटे, त्यात दोन मिनिटांनी एकदा ढवळणे. प्रत्येक पायरीला काम सोपे झाले आणि चुकायची जागा वाढली. दुहेरी भांड्यात तापमान शंभराच्या वर जाऊच शकत नाही. पातेल्याच्या तळाला ते सहज जाते, पाणी उडते, साखर घट्ट होते आणि गार झाल्यावर वडी दगड होते. वडी कडक होण्याचे हे पहिले कारण आहे. दुसरे कारण दाबून थापणे.

पीनट बटरचा रस्ता वेगळा आहे. १८८४ मध्ये माँट्रियलच्या मार्सेलस एडसन यांना भाजलेल्या शेंगदाण्यांचा लगदा करण्याचे पेटंट मिळाले. तापलेल्या पृष्ठभागांमध्ये दाणे दळले की ते पातळ होतात आणि गार झाले की लोण्यासारखे घट्ट, हे त्यात नोंदलेले आहे. १८९५ मध्ये बॅटल क्रीकच्या आरोग्यधामाचे डॉ. जॉन हार्वी केलॉग यांनी आपल्या पद्धतीसाठी अर्ज केला. त्यांचे दाणे भाजलेले नसून शिजवलेले असत, मांसाला पर्याय म्हणून. त्यांचे धाकटे भाऊ विल कीथ केलॉग यांनी १९०६ मध्ये सीरियलची कंपनी काढली आणि तिच्याच स्वयंपाकघरात पुढे ही वडी जन्मली. पीनट बटरचे श्रेय अनेकदा जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना दिले जाते, पण या अमेरिकी कृषिशास्त्रज्ञाचे शेंगदाण्यावरचे काम या दोन्ही पेटंटांनंतरचे आहे.

तेव्हाचे पीनट बटर बरणीत दोन-चार दिवस राहिले की तेल वर यायचे आणि खाली कोरडा गाळ बसायचा. १९२२ मध्ये जोसेफ रोझफील्ड यांनी यावर उपाय काढला. तेलाचा काही भाग हायड्रोजनीकरणाने, म्हणजे त्यात हायड्रोजन वायू जोडून, घट्ट केला की ते दाण्याच्या कणांभोवती अडकून राहते. या पद्धतीने केलेले पीटर पॅन १९२८ मध्ये आले आणि पुढच्या दशकात रोझफील्ड यांचे स्वतःचे स्किपी. कंपन्या घट्ट तेलाचे प्रमाण वाढवत गेल्या, तेव्हा पीनट बटर म्हणजे नेमके काय यावरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाशी वाद पेटला. तो १९५९ पासून बारा वर्षे चालला. अखेर शेंगदाणे किमान ९० टक्के, हा निकष ठरला. त्याखालच्या मालाला ते नाव लावता येत नाही आणि तो ‘स्प्रेड’ म्हणून विकला जातो.

वड्यांसाठी बरणी निवडताना हा इतिहास सरळ कामी येतो. स्थिर केलेले, न सुटणारे पीनट बटर घ्यावे. नुसते दाणे आणि मीठ असलेल्या बरणीतले तेल मोकळे असते. ते सीरियलच्या दाण्यावर पसरते, मार्शमॅलोला तिथे चिकटायला जागा उरत नाही आणि कापताना वडीचा भुगा होतो. तेच वापरायचे असेल तर बरणी तळापासून ढवळावी, वरचे तेल कधीच ओतून घेऊ नये.

आता पाव कपाचे गणित. ३ टेबलस्पून बटर म्हणजे ४२ ग्रॅम, त्यात स्निग्धांश सुमारे ३४ ग्रॅम. पाव कप पीनट बटर ६४ ग्रॅम, त्यात निम्मे तेल, म्हणजे ३२ ग्रॅम. एवढ्यानेच मिश्रणातला स्निग्धांश जवळजवळ दुप्पट होतो. अर्धा कप घातले तर तिपटीच्या जवळ जातो, आणि २८३ ग्रॅम मार्शमॅलोला ते पेलत नाही. चव अधिक हवी असेल तर अर्धा कप घालावे, पण बटर १ टेबलस्पूनवर आणावे आणि मार्शमॅलो ५०–६० ग्रॅम वाढवावे.

एक कप पीनट बटर पचवणारी कृतीही आहे, पण तिचा बांधा निराळा. १९६०च्या दशकात डब्यावर आलेल्या स्कॉचरूजमध्ये मार्शमॅलो नसतेच. १ कप साखर, १ कप कॉर्न सिरप, १ कप पीनट बटर, ६ कप सीरियल आणि वर वितळलेल्या चॉकलेट व बटरस्कॉचचा थर. साखर आणि सिरप मिळून ५०० ग्रॅमच्या वर जातात, म्हणजे धरून ठेवणारा जिन्नस जवळजवळ दुप्पट. बदल्यात पाकाची जुनी जोखीम परत येते. कडेने पहिले बुडबुडे दिसले की भांडे उतरवायचे. एक-दोन मिनिटे खदखदू दिले तर दुसऱ्या दिवशी सुरी चालत नाही.

मार्शमॅलोच्या वड्यांचे काम असे. सीरियल आधी मोजून शेजारी ठेवावे, ३३ × २३ सेंटीमीटरच्या ट्रेला बटर लावून घ्यावे. जाड बुडाच्या पातेल्यात अगदी मंद आचेवर बटर वितळवावे, मार्शमॅलो घालून तळापासून हलवत राहावे. तुकड्यांच्या कडा आधी चकाकतात, मग ते एकमेकांत मिसळतात. दोन-तीन अर्धवट तुकडे दिसत असतानाच आच बंद करावी, उरलेले भांड्याच्या उष्णतेवर विरघळतात. आता पीनट बटर. ते घातल्यावर मिश्रण क्षणभर दाटून तुटल्यासारखे दिसते, पण वीस-तीस वेळा फेटले की चकाकी परत येते आणि उलथन्यावरून जाड पट्टीसारखे पडू लागते. लगेच सीरियल दोन भागांत घालावे, खालून वर उलथावे, घोटू नये. ट्रेमध्ये ओतून बटर लावलेल्या हाताने किंवा कागदाने हलकेच सपाट करावे. जोराने थापले तर पोकळ्या चेपतात आणि वडी घट्ट होते. खोलीच्या तापमानाला तासभर ठेवून मग कापावी.

मार्शमॅलो वजनाने घ्यावे, तुकडे मोजून नव्हे, कारण तुकड्यांचा आकार कंपनीगणिक बदलतो. पिशवीत राहून कडक झालेले तुकडे वितळायला जास्त उष्णता मागतात, म्हणून ते या कामाला नकोत.

वड्या झाकून ठेवल्या तरी मार्शमॅलोतले पाणी हळूहळू सीरियलमध्ये जातच असते. पहिला दिवस सर्वांत चांगला, दुसरा चालतो, तिसऱ्या दिवशी कुरकुर गेलेली असते. फ्रिजमध्ये जिलेटिन आणि बटर दोन्ही आवळतात, वडी चिवट होते. फार दिवस ठेवायच्या तर एकेक वडी गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवावी आणि खाण्याआधी पंधरा-वीस मिनिटे बाहेर काढावी.

कोणाला द्यायच्या असतील तर आधी तीन गोष्टी सांगाव्यात. शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. जिलेटिन प्राणिज असते. आणि सीरियल तांदळाचे असले तरी त्यातला माल्ट बार्लीचा असतो, त्यामुळे सिलिॲकच्या, म्हणजे गहू-बार्लीतले ग्लुटेन न चालणाऱ्या, रुग्णांसाठी माल्ट नसलेले, ग्लुटेनमुक्त असे छापलेले सीरियलच घ्यावे लागते.