झोपेतली नाडी काय सांगते

एकवीस वर्षांची एक मुलगी चाकांच्या खुर्चीत बसून उतारावरून वेगात खाली येत होती. मध्येच ती खुर्चीतून बाहेर फेकली गेली. लागलं फारसं नाही, पण घाबरली मात्र जबर. तेव्हापासून तिच्या छातीत धडधडायला लागलं, जीव सारखा कासावीस व्हायला लागला. ऐकणारा कुणीही म्हणेल, भीती बसलीये मनात, जाईल हळूहळू. पण पंधरा दिवसांनी तिच्या गळ्याशी सूज दिसू लागली. थायरॉइड ग्रंथी वाढली होती. इंग्लंडमधल्या बाथ शहरातले डॉक्टर केलेब पॅरी यांनी ही हकीकत टिपून ठेवली. ती छापली गेली १८२५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. पुढे १८३५ मध्ये डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी असेच रुग्ण वर्णिले आणि ग्रंथीला जादा संप्रेरक बनवायला लावणारा हा आजार ‘ग्रेव्हज’च्या नावावर लागला. पॅरी बिचारे मागे राहिले.

भीतीने ग्रंथी बिघडली, की ग्रंथी आधीच बिघडत होती आणि भीतीचं निमित्त झालं, हे त्या एका नोंदीवरून ठरत नाही. पण छातीतली धडधड, हातांची थरथर, घाम, उडालेली झोप आणि विनाकारण चिडचिड हे सगळं घेऊन माणूस समोर बसला की ‘मनाचं की थायरॉइडचं’ हा प्रश्न आजही पडतोच.

दोन्हींची लक्षणं इतकी सारखी का, याचं उत्तर मजेदार आहे. वाटतं असं की थायरॉइड वाढला, म्हणजे त्याचं संप्रेरक रक्तात जास्त झालं, की घाबरल्यावर अंगात उसळणारं अ‍ॅड्रिनलिनही वाढत असणार. प्रत्यक्षात ते बहुधा नेहमीइतकंच असतं, कधी कमीसुद्धा. वाढतात ती हृदयाच्या पेशींवरची, अ‍ॅड्रिनलिनचा निरोप घेणारी दारं. थायरॉइडचं टी-थ्री हे संप्रेरक पेशीच्या केंद्रकात शिरून ही दारं जास्त बनवायला लावतं. निरोप्ये तेवढेच, पण दारं वाढलेली, त्यामुळे साधी कुजबुजही आत आरोळीसारखी पोचते. शिवाय टी-थ्री हृदयाचा ठोका स्वतःही पळवतं. चिंतेत उलट असतं. दारं नेहमीचीच, निरोपच धडाधड येत असतात.

फरक पडतो तो घड्याळाचा. अ‍ॅड्रिनलिन रक्तात काही मिनिटं टिकतं. थायरॉइडचं मुख्य संप्रेरक, टी-फोर, निम्मं व्हायला सुमारे ७ दिवस घेतं. म्हणून चिंता लाटांनी येते. पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. मन एखाद्या कामात रमलं तर तासभर काहीच जाणवत नाही. आठवडाभर पुरणाऱ्या संप्रेरकाला मात्र सुट्टी कशी ती माहीत नसते. माणूस खूश असला तरी धडधड, शांत बसला तरी धडधड.

आणि झोपला तरी. माझ्या मते घरच्या घरी पाहता येण्याजोगी सगळ्यात बोलकी खूण हीच आहे. जागेपणी निवांत बसल्यावर मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० असते. झोपेत ती आणखी उतरते. चिंतेने दिवसभर पळणारी नाडीही गाढ झोपेत बरीच निवळते, कारण काळजी करणारा झोपलेला असतो. थायरॉइड वाढलेल्या माणसाची नाडी झोपेतही ९०च्या पुढे धावत राहू शकते. हल्ली मनगटावरचं घड्याळ रात्रभर ठोके मोजतं, नाहीतर घरातल्या कुणी झोपलेल्याचा हात अलगद धरून मिनिटभर मोजावं. स्वतःची नाडी स्वतः सारखी चाचपू नये. मोजताना लागलेल्या धास्तीनेच ती वाढते.

हातही बरंच सांगतात. थायरॉइडमध्ये तळवे गरम आणि ओलसर असतात, कारण शरीराची भट्टीच मोठी झालेली असते. चिंतेतले हात बहुधा गार आणि घामेजलेले. दोन्ही हात समोर ताणून, बोटं फाकवून त्यांवर एक कोरा कागद ठेवायचा. थायरॉइडची थरथर इतकी बारीक असते की नुसत्या डोळ्याला चुकते, पण कागदाची कड थरथरताना स्पष्ट दिसते. चिंतेतही हात कापतात, त्यामुळे एकट्या कागदावर निकाल लावायचा नाही. भूक वाढूनही वजन उतरतंय का? शौचाला जास्त वेळा जावं लागतंय का? इतरांना थंडी वाजत असताना आपल्याला उकडतंय का? पाळीत रक्तस्राव कमी झालाय का? उकिडवं बसल्यावर हाताचा आधार न घेता उठता येईना, जिना चढताना मांड्या साथ सोडतात, असं होतंय का? हे पाचही चिंतेने सहसा एकत्र घडत नाही.

घशातल्या ‘गोळ्या’ची गंमत वेगळी. चिंतेत घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, पण बाहेरून काही दिसत नाही. आरशासमोर मान किंचित मागे करून पाण्याचा घोट घ्या. वाढलेली थायरॉइड ग्रंथी गिळताना स्वरयंत्रासोबत वर सरकते आणि परत खाली येते. उलट ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर तो धागा चिंतेकडे जातो. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याच्या त्या मुंग्या.

अर्थात पाठ्यपुस्तकाबरहुकूम वागण्याचं बंधन शरीरावर नाही. म्हाताऱ्या माणसांत थायरॉइड वाढूनही ना थरथर, ना अस्वस्थता. नुसता थकवा, उतरलेलं वजन आणि कधी अनियमित झालेली नाडी. बाळंतपणानंतरच्या वर्षात काहींच्या ग्रंथीला सूज येऊन साठवलेलं संप्रेरक एकदम सांडतं आणि काही महिन्यांनी तेच कमी पडू लागतं. आधी धडधड, मग मरगळ. नव्या आईची झोप आधीच मोडलेली असते, त्यामुळे ‘बाळाच्या काळजीने होतंय’ म्हणून हे सहज झटकलं जातं. थायरॉइड कमी असतानाही मन बेचैन होऊ शकतं, पण सोबत अंग जड, त्वचा कोरडी, बद्धकोष्ठता आणि थंडी सहन न होणं असा सगळा संथपणा असतो.

शेवटी निवाडा रक्त करतं. टीएसएच हे मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचं, थायरॉइडला कामाचा हुकूम देणारं संप्रेरक. साधारण मर्यादा ०.४ ते ४, प्रयोगशाळेनुसार थोडी इकडे-तिकडे. थायरॉइड जास्त झाला की पीयूषिका गप्प बसते आणि टीएसएच जवळजवळ शून्याला टेकतो. ती कमालीची हळवी असते. टी-फोर दुप्पट झाला तर टीएसएच शंभरेक पटींनी घसरू शकतो. म्हणून टीएसएच अगदी मधोमध असेल तर धडधडीचा दोष थायरॉइडवर ढकलता येत नाही. पीयूषिकाच बिघडलेली असणं हा विरळा अपवाद.

एक फसगत मात्र माहीत हवी. केस-नखांच्या गोळ्यांमधलं बायोटिन हे जीवनसत्त्व शरीराला रोज सुमारे ३० मायक्रोग्रॅम पुरतं, तर अनेक गोळ्यांत ते ५ ते १० मिलिग्रॅम असतं. बऱ्याच प्रयोगशाळांच्या चाचणीची रसायनं बायोटिनच्याच आधारावर बांधलेली असल्याने टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त येऊ शकतो. म्हणजे कागदावर ग्रेव्हज आणि माणूस ठणठणीत. गोळी किमान दोन दिवस आधी थांबवावी आणि रक्त देताना तसं सांगावं.

दुसरी फसगत आपण स्वतःच करून घेतो. टीएसएच ५.२ आला, म्हणजे थायरॉइड किंचित कमी पडतोय असं दिसलं, की हायसं वाटतं, ‘बघा, मला थायरॉइड आहे, मनाचं काही नाही’. (थायरॉइड सगळ्यांनाच असतो, पण ते असो.) इतका किरकोळ वाढलेला आकडा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहिला तर अनेकदा आपोआप जागेवर आलेला असतो, आणि पॅनिक अटॅकचं कारण म्हणून तो फार तोकडा पडतो. त्यावर घाईने थायरॉक्सिन (म्हणजे टी-फोरचीच गोळी) सुरू केलं आणि मात्रा जास्त झाली, तर धडधड कमी व्हायच्या ऐवजी वाढेल. प्रोप्रानोलोलने बरं वाटलं म्हणूनही काही सिद्ध होत नाही. ते औषध अ‍ॅड्रिनलिनची दारंच अडवतं, त्यामुळे दोन्हीकडे उतार पडतो. छातीत दुखणं, भोवळ येऊन पडणं किंवा नाडीचा ताल पार बिघडणं असेल तर मात्र कागद आणि आरसा बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा.

दोन्ही आजार एकाच माणसात सुखाने नांदू शकतात. वाढलेल्या थायरॉइडवरच्या गोळ्या सुरू झाल्या तरी ग्रंथीतला जुना साठा संपेपर्यंत काही आठवडे जातात. टी-फोर जागेवर आल्यावरही पीयूषिका कधी कधी महिनोन्‌महिने गप्पच राहते, म्हणून त्या काळात नुसत्या टीएसएचवर औषध ठरवत नाहीत. आणि सगळे आकडे सुधारल्यावर, झोपेतली नाडी साठाशी आल्यावरही, काहींचं बोट मनगटाकडे जातच राहतं. तेव्हा ज्या मदतीची गरज असते ती थायरॉइडच्या डॉक्टरांकडे नसते, मानसोपचारतज्ज्ञांकडे असते.