अ‍ॅसिड टेस्ट वेगळी, लिटमस टेस्ट वेगळी

पोटनिवडणूक लागली की मथळा ठरलेला: ‘सरकारची लिटमस टेस्ट’. नवा कर्णधार पहिल्या परदेश दौऱ्यावर निघाला की पुन्हा तेच. दोन्हीकडे म्हणायचं असतं ‘अ‍ॅसिड टेस्ट’.

लिटमस कागद शाळेत सगळ्यांनी हाताळलाय, निळ्याचा तांबडा आणि तांबड्याचा निळा. त्यात सांगण्यासारखं फार नाही. अ‍ॅसिड टेस्ट मात्र सराफाच्या पेढीवरची. काळ्या कसोटीच्या दगडावर दागिना घासून रेघ ओढायची, शेजारी माहीत असलेल्या कॅरटच्या सोन्याची रेघ, आणि दोन्हींवर नायट्रिक अ‍ॅसिडचा थेंब. पितळेची रेघ पाहता पाहता विरघळून जाते. सोन्याची राहते, कारण नुसतं नायट्रिक सोन्याला खात नाही. 18 कॅरट की 22, हे ठरवायला मात्र त्यात थोडं हायड्रोक्लोरिक मिसळलेलं लागतं. कमी कसाची रेघ आधी फिकी पडते. मुलामा जाड असेल तर वरवर घासून फसगत होते, म्हणून आधी कानशीने आतपर्यंत खाच पाडायची.

घोटाळा होतो तो ‘अ‍ॅसिड’ या शब्दामुळे. दोन्हीकडे अ‍ॅसिड आहे, पण त्याची जागा उलटी आहे. सराफाकडे अ‍ॅसिड हे परीक्षक, परीक्षा सोन्याची. लिटमसमध्ये परीक्षक कागद, आणि अ‍ॅसिडचीच परीक्षा! एकदा हे ध्यानात आलं की अर्थ आपोआप सुटे होतात. अ‍ॅसिड टेस्ट विचारते, ‘मारा झेलून टिकतं का? अस्सल आहे का?’ लिटमस टेस्ट विचारते, ‘या बाजूचं की त्या?’ तिथे टिकण्या-मोडण्याचा प्रश्नच नाही. किती तीव्र, तेही कळत नाही: लिंबाचा रस आणि गंधकाम्ल, दोन्हींत कागद तांबडाच. म्हणून एका मुद्द्यावरच्या भूमिकेवरून माणसाचा गट ओळखायचा असेल तर लिटमस टेस्ट म्हणावं. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश नेमताना गर्भपाताबद्दलचं मत हीच लिटमस टेस्ट मानली जाते, असं तिथे वर्षानुवर्षं बोललं जातं. हा त्या शब्दाचा चोख वापर.

लिटमस हा रंग निघतो दगडफुलाच्या जातकुळीतून, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या नात्यातल्या जातींपासून. हिशेबनिसांची ‘अ‍ॅसिड टेस्ट’ मात्र सराफाकडूनच आलेली. चालू मालमत्तेतून गोदामातला माल वजा करायचा आणि उरलेल्याला चालू देण्यांनी भागायचं. माल विकला गेला नाही तरी देणी भागतील का, हे त्यातून दिसतं. त्याला ‘लिटमस रेशो’ कुणी म्हणत नाही.

अ‍ॅसिड टेस्टसाठी ‘आम्लपरीक्षा’ असा शब्द कृपा करून पाडू नका. ‘कसोटी’ आहे, ‘कसाला लागणे’, ‘कसोटीला उतरणे’ आहे, आणि तो दगडही तोच आहे. ‘अग्निपरीक्षा’ जवळची वाटते, पण तिच्यात संशयाखाली असलेल्या माणसाची होरपळ आहे. तेवढं ओझं एखाद्या क्रिकेट दौऱ्यावर लादू नये. लिटमससाठी काही जण ‘शितावरून भाताची परीक्षा’ वापरतात, तेही बसत नाही. शीत त्याच भातातलं असतं, लिटमसचा कागद बाहेरून आणावा लागतो. तिथे सरळ ‘लिटमस’च लिहा.