उसाचा बेस आणि एआयचा बेस

२०२२ च्या हंगामाला उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, क्विंटलला २९० वरून ३०५ रुपये झाली तेव्हा कोल्हापुरात आमच्या गल्लीत दोन दिवस तीच चर्चा, टनाला दीडशे वाढले म्हणून. मग कुणीतरी कागद-पेन घेऊन बसलं आणि म्हणालं, अरे बेस बघा की. आधी १० टक्के रिकव्हरीला, म्हणजे उसातनं निघणाऱ्या साखरेच्या उताऱ्याला, २९० होते, आता १०.२५ ला ३०५ आहेत, जुन्या हिशोबानं १०.२५ ला २९७ रुपये २५ पैसे मिळालेच असते, म्हणजे खरी वाढ टनाला साडेसत्याहत्तर रुपये. पाव टक्क्यानं निम्मी वाढ गेली. आणि हे आकडे येतात कुठनं तर कृषिमूल्य आयोग दरवर्षी अहवाल लिहितो, शिफारस करतो, मग केंद्राचं मंत्रिमंडळ ठरवतं. आयोग फक्त सल्ला देतो, पण बोलणी सुरू होतात ती त्याच्या कागदापासनं.

हे सांगायचं कारण, एआयच्या कायद्यांचं जगभर असंच चाललंय आणि तिथं पण एक बेस आहे, १० चा २५ वा घात. म्हणजे एकावर २५ शून्यं. युरोपियन युनियनचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ ला लागू झाला, त्यात लिहिलंय की एखादं सर्वसाधारण वापराचं मॉडेल शिकवताना एवढ्यापेक्षा जास्त गणितं कॉम्प्युटरनं केली असतील तर ते मॉडेल मोठ्या धोक्याचं धरायचं आणि कंपनीवर जादा जबाबदाऱ्या टाकायच्या. अमेरिकेत बायडेन यांच्या ऑक्टोबर २०२३ च्या आदेशात हीच रेषा २६ व्या घातावर होती, तो आदेश ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये आल्या दिवशीच रद्द केला.

आता गणितंच का मोजायची? मॉडेल किती हुशार होणार, काय उद्योग करणार हे आधी कुणालाच नीट सांगता येत नाही, पण ते शिकवायला किती चिप किती दिवस चालल्या ते मोजता येतं. चिप ही वस्तू आहे, ती लपवणं अवघड, भारी चिप बनवणारे मोजके, आणि त्यासाठी लागणारं सगळ्यात बारीक छपाईचं मशीन तर जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँडची एएसएमएल. म्हणजे जसं घरोघरी जाऊन गूळ मोजण्यापेक्षा गुऱ्हाळात किती ऊस गेला ते मोजणं सोपं, तसं. ही सगळी मांडणी सरकारी बाबूंनी केलेली नाही. ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेला गव्हएआय गट, वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन विद्यापीठातली सीसेट ही संस्था, रँड, असल्या थिंक टँकमधल्या, म्हणजे धोरणांचा अभ्यास करून सल्ला देणाऱ्या संस्थांमधल्या लोकांनी ती वर्षानुवर्षं पेपर लिहून घडवली. रँड तर १९४८ ची, अमेरिकन हवाई दलाच्या प्रोजेक्टमधनं निघालेली. सीसेट २०१९ ला उभी करणारे जेसन मॅथेनी नंतर व्हाइट हाऊसमध्ये गेले, तिथनं २०२२ ला रँडचे प्रमुख झाले, आणि बायडेन यांच्या त्या आदेशाच्या मसुद्यात रँडचा हात होता हे पुढं बातम्यांत आलं. यात काही बेकायदा नाही. खासदार-मंत्र्यांना रात्रीत मसुदा लागतो आणि ज्याच्या कपाटात तो तयार असतो त्याचे शब्द कायद्यात जातात, एवढं साधं आहे ते.

मग तो पेपर लिहायला पैसे कुणी दिले हे बघावंच लागतं. सीसेटला सुरुवातीला साडेपाच कोटी डॉलर दिले ओपन फिलांथ्रॉपी या देणग्या देणाऱ्या संस्थेनं, तिच्यामागं फेसबुकच्या एका सहसंस्थापकाची संपत्ती. पैसे घेतले म्हणजे अहवाल खोटा असं मी म्हणत नाही, अजिबात नाही, त्यातले कितीतरी अहवाल लय मेहनतीचे आहेत. पण कुठला प्रश्न आधी अभ्यासायचा हे पैसा ठरवतो, आणि जो प्रश्न कुणी अभ्यासलाच नाही त्याचं कलम कायद्यात कुठनं येणार?

बरं, तो बेस पण पक्का नाही. शिकवण्याची गणितं काढायचा ढोबळ नियम आहे, मॉडेलचे पॅरामीटर (शिकताना त्याच्या आत बदलत जाणारे आकडे) गुणिले शिकवलेले शब्दांचे तुकडे गुणिले ६. चीनच्या डीपसीक व्ही-थ्रीचे एका वेळी चालणारे पॅरामीटर ३७ अब्ज, तुकडे १४.८ लाख कोटी, गुणाकार करून बघा, २५ व्या घाताच्या साधारण एक तृतीयांश येतो. म्हणजे डिसेंबर २०२४ मध्ये आलेलं एवढं तगडं मॉडेल या मोजमापात रेषेच्या खालीच. युरोपनं हा आकडा पुढं बदलायची सोय कायद्यात ठेवलीय ते बरं केलं.

भारताचं बघायचं तर नीती आयोग हा सरकारचा स्वतःचाच थिंक टँक, त्यानं २०१८ ला एआयची राष्ट्रीय रणनीती मांडली, शेती त्यात ठळक होती. जानेवारी २०२५ ला एआयच्या गव्हर्नन्सचा, म्हणजे त्यावर देखरेख कशी ठेवायची याचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी आला आणि नोव्हेंबर २०२५ ला आयटी मंत्रालयानं अंतिम मार्गदर्शक सूत्रं काढली, आयआयटी मद्रासचे प्रा. बालरामन रवींद्रन समितीचे अध्यक्ष. सध्या वेगळा कायदा नको, आहेत ते कायदे वापरू, अशी भूमिका. मसुद्यावर लिहायची ती मुदत होती तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या कितीजणांना ती माहीत होती? मला स्वतःला शेवटच्या आठवड्यात कळली आणि नुसतं वाचण्यातच वेळ गेला.

आणि आपला प्रश्न तर २५ व्या घाताचा नाहीच. बारामतीच्या ट्रस्टचा उसातला एआय प्रयोग सगळ्यांनी ऐकलाय, आता आपल्याकडं पण सेन्सर, ॲपचा सल्ला असं सुरू झालंय. ही बारकी मॉडेल, कुठल्याही रेषेच्या खाली. युरोपनं वापरावरनं पण जोखमीची यादी केलीय, त्यात नोकरभरती आहे, कर्ज द्यायचं की नाही हे ठरवणं आहे, शेतीचा सल्ला नाही. ॲपनं सांगितलं म्हणून पाणी तोडलं आणि उतारा पडला तर जबाबदार कोण, सल्ला कुठल्या जमिनीवरच्या डेटातनं आला, पंचगंगेकाठच्या काळ्या रानाचा त्यात एक तरी नमुना आहे का, हे आपल्याच विद्यापीठानं, कृषी महाविद्यालयानं, कारखान्यांनी लिहून दिल्लीला पाठवायला पाहिजे, दहा पानं झाली तरी चालतील.

त्यासाठी लागणारा पुरावा पण गावात आहे. शेजारचे आण्णा ॲप घेतल्यापासनं वही ठेवतात, ॲपनं काय सांगितलं, आपण काय केलं, आणि वजन किती भरलं. पहिल्या पानावर लागणीची तारीख आणि खाली उसाची जात, ८६०३२, लिहिलीय. गेल्या महिन्यात मी त्या वहीचे फोटो काढून घेतलेत.