भंडारा-गोंदियाचे जुने टोपोशीट

भंडारा-गोंदिया म्हणजे तलावांचा मुलूख, आणि हा मुलूख आधी कसा होता ते बघायचं असेल तर सर्वे ऑफ इंडियाचे जुने टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार, पाणी, जंगल, गावं दाखवणारे सविस्तर नकाशे, बघावेत. इथले बरेचसे तलाव माणसांनीच बांधलेत, गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी धानासाठी, पुढे ते मालगुजारांच्या, म्हणजे शेतसारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यात होते आणि १९५१ मध्ये मालगुजारी गेली तेव्हा सरकारकडे आले, म्हणून आज त्यांना माजी मालगुजारी म्हणजे मामा तलाव म्हणतात.

भंडाऱ्याकडचा भाग ५५ ओ आणि ५५ पी या क्रमांकांच्या शीटमध्ये येतो, गोंदिया ६४ सी मध्ये, आणि नवेगाव बांध ६४ डी मध्ये. जुने शीट १ इंचाला १ मैल या मापाचे, नंतर मेट्रिक आलं आणि १:५०,००० झाले. समोच्च रेषा म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, त्या असलेले रंगीत शीट १९०५ नंतरचे. पाणी निळं, जंगल हिरवं, शेती पिवळी.

खरी गंमत तलावाच्या पाळीत, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधात आहे. १ इंची शीटवर समोच्च रेषा साधारण ५० फुटांनी असतात आणि तलावाची पाळ त्याहून खूपच बुटकी, म्हणजे रेषांमध्ये ती दिसणारच नाही, म्हणून पाळीची वेगळी खूण काढतात आणि शेजारी आकडा लिहून पुढे इंग्रजी आर हे अक्षर असतं, ती आजूबाजूच्या जमिनीपासूनची उंची. हा आकडा जरूर वाचा. आणि एकटा तलाव बघू नका, नाला धरून खाली खाली या, मग कळतं की वरच्याचं जास्तीचं पाणी खालच्यात, त्याचं त्याच्या खालच्यात, अशी अख्खी साखळी आहे, आणि मधला एक तलाव गाळाने भरला की खालच्या गावाचं धान का अडचणीत येतं तेही इथेच समजतं.

बोड्या, म्हणजे शेतातली छोटी तळी, मात्र यात शोधू नका, १ एकराची बोडी या मापात जेमतेम १ मिलिमीटरची होते.

दोन शीट जुळवताना छपाईचं साल नाही तर सर्वेचं साल बघायचं, ते समासात असतं, कधीकधी दोन्हीत बरीच वर्षं जातात. गाढवी नदीवरचं इटियाडोहचं मोठं पाणी जुन्या शीटवर नाहीच, तिथे नुसती नदी आहे. आणि कुठल्या शेताला कोणत्या तलावाचं पाणी, हे टोपोशीट सांगत नाही, त्यासाठी गावचा वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक, म्हणजे गावच्या वहिवाटीच्या आणि हक्कांच्या नोंदी, काढाव्या लागतात.