रेओमूर की रँकिन? एकाच ‘आर’ची दोन तापमाने

जुन्या तक्त्यात आकड्यापुढे अंशाचे चिन्ह आणि इंग्रजी ‘आर’ दिसला, तर तो रेओमूरचा असू शकतो, तसाच रँकिनचाही. पहिले माप फ्रान्समधले, १७३० चे. दुसरे ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम रँकिन यांचे, १८५९ चे. अक्षरावरून उलगडा होत नाही, आकड्यावरून बहुधा होतो. २५ अंश सेल्सिअसची खोली रेओमूरमध्ये २० आणि रँकिनमध्ये ५३६.६७. आकडा ऋण असेल तर रँकिनचा प्रश्नच नाही. त्याचा शून्य म्हणजे निरपेक्ष शून्य, त्याखाली काही नाही.

रेओमूरमध्ये बर्फ वितळते ० वर, पाणी उकळते ८० वर. सेल्सिअसचा शून्यही तोच, म्हणून आकड्याची सव्वापट केली की सेल्सिअस. फॅरनहाइट हवे असेल तर सव्वादोनपट करून ३२ मिळवायचे. नेपोलियनच्या १८१२ च्या रशिया मोहिमेचा शार्ल मिनार यांचा १८६९ चा नकाशा पाहा. खालच्या आलेखात ६ डिसेंबरला उणे ३० आहे. तो रेओमूर आहे, म्हणजे उणे ३७.५ सेल्सिअस. तळटीप न वाचता हा आकडा सेल्सिअस समजला, तर साडेसात अंशांची थंडी हिशेबातून गळते.

मात्र सव्वापटीचा नियम अगदी सुरुवातीच्या नोंदींना डोळे झाकून लावू नये. रेओमूर यांच्या मूळ तापमापकात पारा नव्हता, पाणी मिसळलेले अल्कोहोल होते; गोठणबिंदूला १००० भाग असलेले हे द्रावण उकळत्या पाण्यापाशी १०८० भाग व्हावे, अशी त्याची आखणी. पण अल्कोहोल पाण्याच्या आधीच उकळते आणि सगळीकडे सारख्या दराने प्रसरण पावत नाही. त्यामुळे वरचे अंश भरवशाचे नव्हते. पाऱ्याच्या, ८० वर पाणी उकळणाऱ्या नंतरच्या तापमापकांनाच हा नियम नीट लागू पडतो. म्हणून नोंदीचे साल आणि नळीतला द्रव आधी पाहावा.

रँकिनचा अंश फॅरनहाइटएवढाच, फक्त मोजणी निरपेक्ष शून्यापासून. फॅरनहाइटमध्ये ४५९.६७ मिळवले की रँकिन, रँकिनला १.८ ने भागले की केल्विन, त्यातून २७३.१५ वजा केले की सेल्सिअस. अमेरिकी अभियांत्रिकीच्या पुस्तकांत हवेचा स्थिरांक (तापमानावरून दाब काढायच्या सूत्रातला ठरलेला आकडा) ५३.३५ दिलेला असतो, तो रँकिन धरूनच. तिथे ८० फॅरनहाइट तसेच टाकले तर दाब खऱ्यापेक्षा पावणेसात पटींनी कमी येतो. टाकायला हवे होते ५३९.६७.

तापमानातला फरक बदलताना मात्र ३२, ४५९.६७ किंवा २७३.१५ यांतले काहीच मिळवायचे वा वजा करायचे नाही. १८ रँकिन अंशांचा फरक म्हणजे १० सेल्सिअस, आणि ८ रेओमूर अंशांचा फरक म्हणजेही १० सेल्सिअस.