धुराड्यातला कार्बन: गॅरी रोशेल यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

गॅरी रोशेल १९७७ साली ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठात रासायनिक अभियांत्रिकी शिकवू लागले, तेव्हा वीजकेंद्रांच्या धुराड्यांतून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची दखल कोणताही कायदा घेत नव्हता. अमेरिकेत त्या वेळी प्रश्न गाजत होता तो गंधकाचा. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड चुनखडीच्या पातळ लगद्याने धुऊन काढण्याची पद्धत वीजकेंद्रांत नुकतीच रुळू लागली होती आणि वायू त्या लगद्यात किती वेगाने विरघळतो, कोणते पदार्थ मिसळले असता तो वेग वाढतो, हा रोशेल यांच्या सुरुवातीच्या संशोधनाचा विषय होता. कार्बन कॅप्चरसाठी, म्हणजे धुरातला कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्याआधीच पकडण्याच्या तंत्रासाठी, ओळखल्या जाणाऱ्या प्राध्यापकाची सुरुवात गंधकापासून झाली, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण धूर धुण्याचे तंत्र प्रयोगशाळेतून शेकडो धुराड्यांपर्यंत कसे पोहोचते, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

कार्बनसाठी त्यांनी हाती घेतलेली प्रक्रिया मात्र त्याहून जुनी होती. अमाइनच्या (अमोनियापासून बनणाऱ्या, आम्लधर्मी वायू बांधून ठेवणाऱ्या संयुगांच्या) द्रावणाने वायू शुद्ध करण्याच्या पद्धतीचे पेटंट आर. आर. बॉटम्स यांना १९३० साली मिळाले होते. एका मनोऱ्यात द्रावण वरून खाली सोडायचे, खालून येणाऱ्या वायूतला कार्बन डायऑक्साइड त्यात बांधला जातो. मग ते द्रावण दुसऱ्या मनोऱ्यात सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की कार्बन डायऑक्साइड सुटा होतो आणि द्रावण पुन्हा पहिल्या मनोऱ्याकडे जाते. नैसर्गिक वायूच्या कारखान्यांत हे अनेक दशके सुरळीत चालले. वीजकेंद्राच्या धुराची गोष्ट वेगळी आहे: त्याचा दाब वातावरणाइतकाच असतो, कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जेमतेम १२ ते १४ टक्के असते, धुरातला ऑक्सिजन अमाइनची नासाडी करतो आणि द्रावण तापवण्यासाठीची वाफ टर्बाइनकडूनच वळवावी लागत असल्याने तेवढी वीज कमी तयार होते.

ही ऊर्जेची किंमत कमी करणे, हेच रोशेल यांच्या पुढच्या कामाचे सूत्र ठरले. मोनोइथॅनॉलअमाइन या प्रचलित अमाइनऐवजी त्यांच्या गटाने पिपरॅझिन या दुसऱ्या अमाइनच्या तीव्र द्रावणावर भर दिला. पिपरॅझिन कार्बन डायऑक्साइड सुमारे दुप्पट वेगाने शोषते आणि १५० अंशांपर्यंत तापवले तरी टिकते. त्यामुळे सुटणारा वायू अधिक दाबाने बाहेर येतो आणि तो दाबून साठवण्यायोग्य करण्याचे पुढचे काम हलके होते. अडचणीही निघाल्या. थंड झाल्यावर तीव्र द्रावणात स्फटिक धरतात, म्हणून पुढे ते थोडे पातळ ठेवण्याकडे कल झाला. धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडांमुळे आरोग्याला घातक नायट्रोसअमाइन तयार होतात, त्याचाही पिच्छा या गटाने पुरवला. एका द्रावणाचे असे गुणदोष तपासण्यात विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या खर्ची पडतात, आणि या विषयातल्या प्राध्यापकाचे खरे काम बहुतांशी तेच असते.

२००९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात रोशेल यांनी हिशेब स्पष्ट मांडला. कोळशाच्या धुरातून १ टन कार्बन डायऑक्साइड वेगळा करून १५० बारपर्यंत (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे दीडशे पट) दाबण्यास सैद्धांतिकदृष्ट्या किमान ०.११ मेगावॉट-तास ऊर्जा लागते, तर द्रावण आणि प्रक्रिया सुधारल्यास प्रत्यक्षातला खर्च ०.२ पर्यंत उतरू शकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

बाहेरच्या जगात मात्र कार्बन पकडण्याच्या तंत्राच्या प्रसाराची गती कायद्याने आणि पैशाने ठरत होती. नॉर्वेने १९९१ मध्ये कार्बन कर लावला आणि १९९६ पासून स्लाइपनर वायुक्षेत्रात वेगळा केलेला कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखाली सोडला जाऊ लागला. कॅनडातील बाउंड्री डॅम या कोळशाच्या वीजकेंद्रात अमाइनचे मोठे संयंत्र २०१४ मध्ये सुरू झाले, टेक्ससमधील पेट्रा नोव्हा २०१७ मध्ये. पेट्रा नोव्हात पकडलेला वायू जुन्या विहिरींतून तेल काढण्यासाठी वापरला जात असे. २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि संयंत्र थांबवण्यात आले, ते पुन्हा चालू व्हायला २०२३ उजाडले.