लहान गिटारीच्या पोटातली हवा

गिटारीच्या सगळ्या तारा डाव्या हाताने धरून गप्प करा आणि उजव्या अंगठ्याने ब्रिजजवळ (पोटावरची, तारांची खालची टोकं अडकवलेली लाकडी पट्टी) हलकीशी थाप द्या. 'धुम्म' असा भरीव आवाज येईल. आता तारांखालून पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून मधलं गोल भोक झाका आणि पुन्हा तशीच थाप द्या. धुम्म गायब, उरतं नुसतं 'टक'. मघाच्या आवाजात लाकडाइतकाच पोटातल्या हवेचाही हात होता. बेताच्या पैशांत लहान घाटाची गिटार घ्यायला निघालात तर आधी या हवेशी ओळख करून घ्यावी.

तारेला स्वतःचा असा आवाज जवळजवळ नसतोच. मिलिमीटरभर जाडीची तार हलली की हवा तिच्या कडेने वळसा घालून पलीकडे निघून जाते. तार ब्रिजला हलवते, ब्रिज वरच्या फळीला हलवतो (हिलाच वादक 'टॉप' म्हणतात) आणि फळी रुंद असल्यामुळे ती हवेला ढकलू शकते. खालच्या स्वरांना मात्र एकटी फळी पुरी पडत नाही. तिथे पोटातली हवा मदतीला येते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर घुमतं, तोच हा प्रकार. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ (१८२१–१८९४) या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने तो ओळखला जातो. तोंडाशी असलेला हवेचा गोळा आत-बाहेर हलतो आणि आतली हवा त्याला स्प्रिंगसारखी परत ढकलते. पोट मोठं तर स्प्रिंग मऊ, स्वर खालचा. पोट लहान तर स्प्रिंग कडक, स्वर वरचा. भोक तेवढंच ठेवून पोट निम्मं केलं तर हा स्वर सुमारे १.४ पट वर चढतो.

मोठ्या घाटाच्या गिटारीत हा हवेचा स्वर १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनांच्या) आसपास असतो, लहान गिटारीत त्याच्याही वर. आणि सर्वांत जाड तारेचा स्वर आहे ८२ हर्ट्झ. गोम इथेच आहे. हवेच्या स्वराच्या खाली गेलं की फळी बाहेर येते तेव्हा भोकातली हवा आत जाते, दोघं एकमेकांचं काम खोडतात. त्यामुळे लहान गिटारीच्या जाड तारेचा मूळ स्वर फारच क्षीण निघतो.

तरीही आपल्याला तो ऐकू येतो! तार एकटा ८२चा स्वर काढत नसते. त्यासोबत १६५, २४७, ३३० असे वरचे स्वरही निघतात, आणि ते लहान गिटारही छान फेकते. मेंदू त्या रांगेतलं सारखं अंतर ओळखतो आणि पायाचा स्वर स्वतःच भरून काढतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर पुरुषाचा भारदस्त आवाज ओळखू येतो तो याच जोरावर. म्हणून 'लहान गिटारीला बास नसतो' हे मला अर्धसत्य वाटतं. छातीत जाणवणारा धक्का तिच्यात नसतो, स्वर असतो.

तसं पाहिलं तर 'लहान' हा शब्दच अलीकडचा. आज जिला आपण नेहमीची गिटार समजतो तो ड्रेडनॉट घाट मार्टिन कंपनीने १९१६ साली बनवला; नाव घेतलं एका ब्रिटिश युद्धनौकेचं. त्याआधी दोन-तीन पिढ्या लोक याहून लहान गिटारीच वाजवत होते. मार्टिनच्या मापांत अजूनही ०, ००, ००० अशी नावं आहेत. शून्यं वाढतील तशी गिटार मोठी, हा हिशोब नव्या माणसाला हमखास चकवतो.

आता पैशांचं. टॉप दोन प्रकारचे असतात: स्प्रूससारख्या लाकडाची अखंड फळी, किंवा पातळ थर चिकटवून केलेलं प्लायवुड. स्प्रूस रेषांच्या दिशेने ताठ आणि वजनाला हलकं असतं. तारेच्या तुटपुंज्या ताकदीने हलायचं तर हेच हवं. प्लायवुड टिकाऊ, हवा कोरडी पडली तरी सहसा तडकत नाही, पण जड. शिवाय फळी लहान झाली की त्याच जाडीला ती आणखी ताठ वागते. धातूच्या सहा तारांचा एकूण ताण ७० किलोंच्या घरात जातो, म्हणून स्वस्त गिटार बनवणारे फळी जाडच ठेवतात. लहान गिटारीला जाड प्लायवुडची ही शिक्षा दुप्पट बसते. ओळखायचं कसं? गोल भोकाच्या कडेकडे बघा. वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरल्या असतील तर फळी अखंड. कडेला थर दिसले तर प्लायवुड.

पाठ आणि बगलांच्या लाकडावर मात्र मी जास्तीचा पैसा घालणार नाही. पूर्वी एकदा वाघाच्या पट्ट्यांसारख्या रेषांच्या पाठीवर भाळून मी गिटार घेतली होती; वाजवताना ती पाठ माझ्या पोटाला टेकलेली असायची, दिसायचीही नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या एका प्रयोगात सहा गिटारी बनवून घेतल्या होत्या, फरक फक्त पाठ-बगलांच्या लाकडाचा. ५२ वादकांनी अंधुक खोलीत वेल्डिंगचे गॉगल लावून त्या वाजवल्या. महाग लाकडाला झुकतं माप मिळालं नाही.

लांबीकडे लक्ष द्या. पोट लहान म्हणजे तारही आखूड, असं नसतं. नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) मोजा आणि दुप्पट करा. तीच तार त्याच स्वराला लावायची तर ताण लांबीच्या वर्गाने बदलतो: ६४५ मिलिमीटरऐवजी ६१० असेल तर ताण सुमारे ११ टक्के कमी. बोटांना आराम. ५८०वर तो १९ टक्क्यांनी उतरतो, मग तारा ढिल्या पडून फ्रेटवर घासायला लागतात, जरा जोरात दाबलं की स्वर चढतो. अशा गिटारीला थोड्या जाड तारा लावाव्यात.

घेण्याआधी ट्यूनर (स्वर मोजणारं यंत्र किंवा मोबाइलवरचं अ‍ॅप) काढून एक गोष्ट बघाच. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून स्वर काढा, मग तिथेच तार दाबून काढा. दोन्ही स्वर जुळायला हवेत. सगळ्याच तारांवर दाबलेला स्वर ठळकपणे चढत असेल आणि तारा फार उंचही नसतील, तर ब्रिज चुकीच्या जागी चिकटवलेला असण्याची दाट शक्यता. ती गिटार घेऊ नका. पहिल्या फ्रेटजवळ तारा उंच असणं वेगळं. नटच्या खाचा थोड्या खोल केल्या की काम होतं. बाराव्या फ्रेटवर तारा उंच असतील तर ब्रिजवरची पांढरी पट्टी बघा. ती पुरेशी वर आलेली असेल तर घासून तारा उतरवता येतील. ती आधीच ब्रिजला लागलेली असेल आणि मानही फार वाकलेली नसेल, तर मानेचा कोन चुकला आहे, आणि तो सुधारायचा खर्च गिटारीच्या किमतीला भिडतो.

हे सगळं पार पडलं की गिटार दुसऱ्या कुणाच्या हातात द्या आणि समोर दोन-तीन मीटरवर जाऊन उभे राहा. वरचे स्वर समोरच्या दिशेला जास्त जातात, वाजवणाऱ्याच्या कानाकडे कमी. मांडीवर असताना घुसमटल्यासारखी वाटलेली गिटार तिथून भलतीच मोकळी ऐकू येऊ शकते.